एकाच रक्ताच्या दोन नोंदी

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. घरी यावरून माझी टिंगल होते आणि ऑफिसात याच गुणावर माझी नोकरी चालते. माहेरी मला फौजदार म्हणायचे. दूध उतू गेलं तर मी आधी स्वयंपाकघरात कोण होतं ते विचारते आणि मग गॅस बंद करते, असं माझी बहीण सगळ्यांना सांगत असते. त्यात अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

माझं काम असं. पाच हॉस्पिटलांनी मिळून आपापल्या कॅन्सर पेशंटांची माहिती एका जागी ठेवायचं ठरवलं. दुर्मिळ प्रकारच्या कॅन्सरचे एकेका हॉस्पिटलकडे मोजकेच पेशंट असतात, तेवढ्यावरून कुणाला छातीठोकपणे काही सांगता येत नाही. सगळे एकत्र केले तर कोणतं औषध कुणाला लागू पडतं हे दिसायला लागतं. या साठ्याला आम्ही कोठार म्हणतो. कोठारात येणारी प्रत्येक नोंद तपासून आत घेणं माझ्याकडे आहे. म्हणजे मी दारात बसलेली असते आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे डोळे बारीक करून बघते.

नोंदीत नाव नसतं, पत्ता नसतो, जन्मतारीख नसते. वयसुद्धा 'चाळीस ते पन्नास' असं मोघम असतं. कोणता नंबर म्हणजे कोण, हे ज्या त्या हॉस्पिटलच्या एकाच अधिकाऱ्याला ठाऊक असतं. नंबरामागचं माणूस शोधायचं नाही, ही आमच्याकडची पहिली अट. मला ती मनापासून पटलेली होती.

पण पेशंट आज या हॉस्पिटलात जातो, उद्या त्या. नाव नसल्यामुळे तो कोठारात दोनदा शिरतो आणि एकाचे दोन होतात. म्हणून मी एक चाळणी बसवली. रक्तातल्या जनुकांच्या ठरावीक जागा ताडून पाहायच्या. सगळ्या जुळल्या तर माणूस एकच, आणि दुसरी नोंद बाद. नियम मी लिहिला आणि बैठकीत टेबल वाजवून मंजूरही मीच करून घेतला. कुणी हरकत घेतली नाही. माझ्याशी वाद घालायला सहसा कुणी जात नाही.

त्या चाळणीत एक दिवस भलतंच काहीतरी अडकलं. आमच्याकडची एक निरोगी बाई आणि दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलची एक कॅन्सर पेशंट, दोघींचं रक्त हुबेहूब एकच निघालं.

निरोगी माणसं कोठारात कशी आली, तर आजारी रक्त ताडायला शेजारी निरोगी रक्त ठेवावं लागतं, आणि धडधाकट माणूस कशाला हॉस्पिटलात फिरकेल? त्यामुळे लॅबमध्ये नवीन मशीन आलं की स्टाफनेच बाह्या वर करायच्या, ही आमच्याकडची जुनी पद्धत. जेवणाच्या सुट्टीत रांग लागते, रक्त देणाऱ्याला बिस्किटाचा पुडा मिळतो आणि पुढे बरेच दिवस कॉरिडॉरमध्ये 'काय हो निरोगी!' अशा हाका चालतात. मीही दिलं होतं. नळीवर नंबर चिकटला की कुणाचं रक्त कुठलं ते कुणाच्या ध्यानात राहत नाही.

आता, एकच बाई आमच्या यादीत ठणठणीत आणि त्यांच्या यादीत कॅन्सरची पेशंट कशी? माझ्या मते याचं उत्तर सरळ होतं. चोरी.

त्या हॉस्पिटलचा माहितीप्रमुख मला पहिल्यापासून खटकत होता. आवाज असा की पाक सांडतोय. प्रत्येक फोनची सुरुवात "आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून हे चाललंय" अशी. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं होतं आणि ते आमच्या खोलीत रुळलंही होतं. कोठारात सामील व्हायला पुरेसे पेशंट हवेत, ही अट त्यांची कित्येक महिने पूर्ण होत नव्हती. मग अचानक झाली. त्याच्या थोडंच आधी आमची निरोगी रक्तांची फाईल नमुना म्हणून सगळ्यांना गेली होती, त्यांनाही. त्यातली एक ओळ उचलायची, तिला कॅन्सर चिकटवायचा आणि पेशंट म्हणून परत पाठवायची. एक केली असेल तर आणखी किती केल्या असतील?

"पाणी मुरतंय," मी मास्तरांना म्हटलं.

मास्तर म्हणजे आमचे संख्याशास्त्रज्ञ. पूर्वी शिकवायचे आणि अजूनही समोरच्याचं वाक्य संपायच्या आत दुरुस्त करतात. त्यांनी स्क्रीन पाहिली, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिली.

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"दोन शहरांत?"

"मग आपल्यातलीच कुणीतरी आजारी असेल. इथे कुणाला कळू नये म्हणून तिकडे जाऊन उपचार घेत असेल. तसं असेल तर फार जपून वागायला हवं, बाई."

हे मला पटलं नाही. आजारी बाई रोज आपल्यासमोर वावरते आणि आपल्याला कळत नाही? मला? तरी पुढचे काही दिवस मी ऑफिसातल्या बायकांकडे निरखून पाहिलं, हे कबूल करते. कोण वाळलंय, कुणी रजा टाकलीय, कुणाचा डबा अर्धा परत जातोय. लॅबमधल्या एकीने केस कापले तर मी तिला जिन्यात गाठून कारण विचारलं. "उन्हाळा आहे," ती म्हणाली आणि दिवसभर माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत राहिली. थोडक्यात, सगळ्या ठणठणीत होत्या. म्हणजे चोरीच.

"लिहून पाठवू नका," मास्तर म्हणाले. "आधी त्यांना फोन करा. मी सांगतो म्हणून करा."

आता मला मास्तरांचाही संशय यायला लागला. यांना एवढं सांभाळून घ्यायची काय गरज? मागच्या परिषदेत दोघं एका टेबलावर जेवत होते, ते माझ्या लक्षात होतं. मी पत्र लिहिलं. कोठार समितीला, पाचही हॉस्पिटलांना, दोन्ही नंबर घालून. आरोप खरा ठरला तर त्या हॉस्पिटलला बाहेर काढावं लागणार होतं आणि त्यांच्या सगळ्या पेशंटांची माहिती फेकून द्यावी लागणार होती, हे मला ठाऊक होतं. मग फेकू. खोट्यावर औषधं ठरवायची का?

त्याच सुमाराला घरचंही एक प्रकरण माझ्या डोक्यात घोळत होतं. माझी बहीण. आम्ही जुळ्या. ती काही मिनिटांनी मोठी आणि तेवढ्या भांडवलावर आयुष्यभर ताई म्हणवून घेतेय. ती गोडबोल्याच्याच शहरात राहते. दर रविवारी आमचा फोन व्हायचा, एकमेकींची तोंडं बघत. गेले काही महिने तिचा कॅमेरा बंद होता.

"का बंद?" मी विचारलं.

"बिघडलाय गं."

"मग फोन बदल."

"बदलते. फौजदारसाहेब, चौकशी संपली का?"

मला वाटलं, भावोजींशी काहीतरी बिनसलंय. म्हणून मी त्यांना वेगळा फोन केला, तर तो माणूस ततपप करायला लागला आणि "कुकर लावलाय" म्हणून ठेवूनच दिला. भावोजींनी जन्मात कुकर लावलेला नाही. घर विकतायत की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं.

पत्र पाठवलं त्या रविवारी मी तिला सहज विचारलं, "तुमच्याकडचं ते कॅन्सरचं हॉस्पिटल कसं आहे गं?"

ती जरा घाईनेच म्हणाली, "का?"

"कामाचं आहे. लोक कसे आहेत तिथले? लबाड वाटतात मला."

"चांगले आहेत. फार चांगली माणसं आहेत."

"तुला काय माहीत?"

"ऐकलंय," ती म्हणाली, आणि दार वाजलं असं सांगून तिने फोन ठेवला. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण तिथेही मी विचार केला तो एवढाच, की भावोजींची त्या हॉस्पिटलात कुणाशी तरी ओळख असणार.

बैठक आमच्याकडेच भरली. लांबट खोली, लांबट टेबल, पाचही हॉस्पिटलांची माणसं आणि अध्यक्षस्थानी आमच्या विभागप्रमुख डॉक्टर मॅडम. गोडबोल्या स्वतः आला होता. मी त्याला पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होते. बारीकसा, थकलेला माणूस, इस्त्री मोडलेला शर्ट. पहाटेच निघून आला असावा. मी माझी बाजू मांडली. चांगली मांडली. आकडे, तारखा, फाईल कधी गेली, त्यांची संख्या कधी वाढली, सगळं. टेबलावरचे दोघंतिघं मान डोलवायला लागले होते.

मग तो बोलला.

"आपलं पत्र वाचून वाईट वाटलं. राग नाही आला. आपण दारावर बसलाय, आपण विचारणारच." आवाजात तोच पाक. "आमची पेशंट खरी आहे, मॅडम. तिचं रक्त आम्ही घेतलं तेव्हा आपली फाईल आमच्याकडे आलेलीसुद्धा नव्हती, त्याची मशीनवरची तारीख आहे. तरी आपलं पत्र आल्यावर म्हटलं, नळी बदलली असेल. ती उपचाराला आली तेव्हा विनंती करून पुन्हा रक्त घेतलं. तिने लगेच हात पुढे केला. तेच आलं."

मी म्हटलं, "हे अशक्य आहे."

"मलाही तसंच वाटलं. मग काल एक गोष्ट सुचली." त्याने टेबलावरून सगळ्यांकडे पाहिलं. अगदी निष्पापपणे पाहिलं, हे मी आज सांगू शकते. "आपल्याकडे ज्या बायकांनी रक्त दिलं, त्यांच्यात कुणी जुळी आहे का?"

मास्तर खाली बघायला लागले. ताई एकदा मला न्यायला ऑफिसात आली होती, तेव्हा मास्तरांनी मीच समजून तिला उशिरा दिलेल्या तक्त्यांबद्दल चांगलं फैलावर घेतलं होतं, आणि तिनेही मान खाली घालून "पुन्हा नाही होणार" म्हणून माफी मागितली होती. तो किस्सा आमच्या मजल्यावर अजून सांगतात. मॅडमना ठाऊक होता. आमच्या बाजूला बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होता. एकेक जण माझ्याकडे बघायला लागला आणि बघून नजर वळवायला लागला.

रक्त सारखं म्हणजे माणूस एक, हा नियम मी लिहिला होता. मी. जिला शाळेत कुणी स्वतःच्या नावाने कधी हाक मारली नाही, 'ए दोघींपैकी एक' म्हणूनच मारली, तिने.

"हा विषय आपण इथेच थांबवू," मॅडम म्हणाल्या.

कॉरिडॉरमध्ये गोडबोल्या माझ्या मागे आला. त्याचा चेहरा उतरला होता, कुणीतरी त्याला सांगितलं असावं. "मी विचारायला नको होतं. मला खरंच कल्पना नव्हती," तो म्हणाला. आवाज आता साधा होता. मी त्याला "तुमचं काही चुकलं नाही" एवढंच म्हणू शकले. तो बिचारा चोर नव्हता. माझ्या बहिणीच्या नंबराला त्याने माझ्यापेक्षा जास्त जपलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईच्या दारात उभी होते, न कळवता. दार तिनेच उघडलं. डोक्याला सुती रुमाल बांधलेला, भुवया जवळजवळ नव्हत्याच, आणि अंगावर माझ्यासारखाच निळा कुर्ता, कारण आम्ही नेहमी दोन घेतो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली.

"चला, आता तरी लोकांना आपल्यातला फरक कळेल."

मी रडले. मग भांडले. भावोजी चहा ठेवायच्या निमित्ताने आत सटकले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू काय केलं असतंस? माझ्या डॉक्टरांची उलटतपासणी घेतली असतीस. औषधाच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या असत्यास. मला बरं व्हायचं होतं गं, तुला तोंड द्यायला अंगात ताकद नव्हती."

"आणि माझं काय? रक्त एकच आहे आपलं. मलाही होऊ शकतं, हे तुला कुणी सांगितलं नाही?"

तिचं हसू गेलं. "सांगितलं. पहिल्याच दिवशी सांगितलं, बहिणीला तपासून घ्यायला सांगा म्हणून. मी उद्या सांगते, उद्या सांगते करत राहिले. माझं मी झेलत होते. पण तुझ्याकडे बघून तेच सांगायचं म्हणजे... नाही जमलं मला. चुकलं माझं. आता आधी जा आणि तपासून घे."

मला तिचा भयंकर राग आला होता. इतका, की तिच्या रुमालाकडे बघूनही तो उतरत नव्हता. "जाते," मी म्हटलं. "कुठवर गेलंय तुझं? पसरलंय का?"

"बरी होतेय मी."

"ते नाही विचारलं मी."

"मी तेवढंच सांगणार आहे. बरी होतेय." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "पण तुला कळलं कसं? ह्यांनी सांगितलं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. चाळणी, चोरीचा संशय, पत्र, बैठक. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "म्हणून त्यांनी दुसऱ्यांदा रक्त घेतलं होय." शेवटी तिने विचारलं, "किती जणांना कळलं?"

"टेबलावर होते त्यांना. तुझं नाव कुणी घेतलं नाही."

"घ्यायची गरज आहे का?"

तिने रुमाल सोडला, पुन्हा घट्ट बांधला. "ती माहिती द्यायची का असं हॉस्पिटलात विचारलं ना, तेव्हा हे नको म्हणाले होते. मीच म्हटलं, द्या. कुठे जाणार आहे, माझ्या बहिणीच्याच हाताखालून जाणार. मला इतकं बरं वाटलं होतं तेव्हा. तुला न सांगताही सांगितल्यासारखं. तू मला तपासशील, आत घेशील आणि तुला पत्तासुद्धा लागणार नाही. घरी मी आजारी, शेजारी मी बिचारी, हे सतत ताट घेऊन मागे. तिथे तरी मी नुसता नंबर होते. मला कुणी ओळखत नव्हतं."

"काढून टाक ती नोंद," ती म्हणाली. "काढता येते ना?"

येते. पेशंट म्हणाला की काढायची, कारण विचारायचं नाही. आमच्याकडे तसा नियमच आहे. मी कारण विचारलं नाही. तसंही तिने ते आधीच सांगितलं होतं. संध्याकाळी तिने माझ्यासमोर बसून हॉस्पिटलला तसं कळवलं. मग आम्ही जेवलो, आणि झोपताना तिने माझ्या तपासणीची वेळ स्वतः फोन करून ठरवली, माझ्या आवाजात, मी असल्याचं भासवून. लहानपणापासून तिला ते छान जमतं.

सोमवारी तिच्या हॉस्पिटलकडून रीतसर पत्र आलं. पेशंटने माहिती परत घेतली आहे, नोंद पुसावी. माझ्याच खात्यात आलं, कारण दारावर मीच बसते. पुसायला दोघांची मंजुरी लागते, म्हणून मी मास्तरांना बोलावलं. त्यांनी नंबर वाचला आणि काही दुरुस्ती सुचवली नाही.

पुसण्याआधी स्क्रीनवर नोंद उघडून पाहण्याची सोय असते, चुकून भलतीच जाऊ नये म्हणून. ती नोंद मी आजवर उघडली नव्हती; चाळणीतच अडकल्यामुळे तिची पुढची तपासणी झालीच नव्हती. जुळलेलं होतं ते नुसतं रक्त. बाकीचं आत होतं. गाठ केवढी होती, कुठवर पसरली, औषधाने ती आटली की नाही, डॉक्टरांनी शेवटी काय लिहिलं. ताईने जे सांगायचं नाकारलं ते सगळं. आणि ती उघडायचा मला पूर्ण हक्क होता, कुणी एका शब्दाने विचारलं नसतं.

"मी जरा पाणी पिऊन येतो," मास्तर म्हणाले, आणि बाटली टेबलावर भरलेली असताना उठून गेले.

मी एकटीच राहिले. मला अतोनात भीती वाटत होती. बरी होतेय, म्हणाली होती. पण ती कॅमेरा बिघडलाय असंही म्हणाली होती. महिनोन् महिने दर रविवारी ती माझ्याशी खोटं बोलली होती आणि मी, फौजदार, ते ओळखू शकले नव्हते. मग याच वाक्यावर का म्हणून विश्वास ठेवायचा? एकदा बघितलं की संपलं, तिला कधी कळणारही नाही. हात माउसवर होता आणि बाण नोंद उघडायच्या बटणावर होता.

मास्तर परत आले. उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "पाहिलंत?"

"नाही."

"खात्री करून घ्यायची नाही?"

"ती म्हणालीय बरी होतेय," मी म्हटलं. "तुमची मंजुरी द्या."

त्यांनी दिली. मग मी माझी दिली, आणि माझ्या बहिणीची नोंद न उघडताच पुसून टाकली.